कुंकवाखालचा आकडा

शालिग्रामबाबूंनी तिसऱ्यांदा बेरीज मांडली आणि तिसऱ्यांदाही ती सहाशे सत्तेचाळीसच आली. तारेच्या शेवटी सहाशे बावन्न होते. टेबलापलीकडे मॅनेजर वामनराव पेन्सिल नाचवत बसले होते. त्यांच्या शेजारची खुर्ची बँकेचे गावातले संचालक रंगराव पाटील यांनी अडवली होती. पाटलांना इंग्रजी तार वाचता येत नव्हती, पण ती आपल्या हातात असली पाहिजे एवढे त्यांना कळत होते.

"एवढा वेळ कशाला?" वामनराव म्हणाले. "तीन आकड्यांची तर बेरीज."

तीन आकड्यांचीच होती, पण ती का करायची हे या दोघांना शालिग्रामबाबूंनी गेल्या दोन वर्षांत चारदा समजावले होते आणि चारही वेळा दोघांनी जांभई दिली होती. कास्तकार सहकारी बँकेची मुख्य कचेरी अकोल्याला आणि ही शाखा मोताळ्याला. अकोल्यात कोणी रक्कम भरली की ती मोताळ्यात अमक्याला द्या, अशी तार यायची. पण तार कोणीही करू शकतो. रुपया-दोन रुपये मोजले की पोस्टातला बाबू कोणाच्याही नावाने काहीही पाठवतो. तारेवर सही नसते, शिक्का नसतो, ओळखीचे अक्षर नसते. म्हणून खुणेचा आकडा. महिन्याचा एक आकडा, तारखेचा एक, रकमेचा एक, तिन्हींची बेरीज तारेच्या शेवटी. बेरीज जुळली तर तार बँकेची, नाही तर चोराची.

हे आकडे एका पातळ चोपडीत छापलेले होते. मधली समोरासमोरची दोन पाने, वर बेरजेची रीत, बस, एवढेच सगळे गुपित. चोपडीच्या प्रती दोन, एक अकोल्यात आणि एक इथल्या तिजोरीत. तिजोरीला किल्ल्या दोन, एक मॅनेजरकडे आणि एक हेडक्लार्क शालिग्राम नारखेडे यांच्याकडे. शालिग्रामबाबूंची किल्ली अकरा वर्षे करगोट्याला होती. ती कसली, हे त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. सत्यभामाबाई समजत होत्या की ती स्टेशनरीच्या कपाटाची आहे आणि नवरा कागद-पेन्सिलींना एवढा जपतो म्हणजे याचे डोके जरा फिरलेलेच आहे.

वामनरावांची किल्ली खुंटीवर टोपीखाली लटकत असे. ते बी. कॉम. होते आणि बँकेच्या अध्यक्षांचे भाचे होते. यांतले कोणते कारण नोकरीला उपयोगी पडले, हे शालिग्रामबाबूंनी कधीच ठरवून टाकले होते. माणसे मूर्ख असतात, हे त्यांचे मत तसे लग्नाच्या आधीपासूनचे. बँकेतल्या नोकरीने फक्त त्याला रोज नवा दाखला पुरवला. दर वेळी वेगळी सही करणारे खातेदार, शाई सुकायच्या आत वही मिटणारा कारकून, अकोल्याहून चुकीच्या पत्त्यावर पत्र पाठवणारे साहेब. या सगळ्यांकडे ते चष्म्याच्या वरून बघत. बोलत काही नसत. बोलून काय उपयोग, असे त्यांना वाटे आणि या न बोलण्याचा त्यांना थोडा अभिमानही होता.

आता चोपडी समोर उघडी होती आणि रकमेच्या पानाच्या मधोमध कुंकवाचे स्वस्तिक होते.

ते कसे आले हे सगळ्या मोताळ्याने पाहिले होते. बारा दिवसांपूर्वी, सहासष्ट सालच्या लक्ष्मीपूजनाला, दिवेलागणीच्या वेळी बँकेत चौरंग मांडला. वह्या आल्या, शिक्के आले, कुलपे आली. रंगराव पाटील यजमान होते. तिजोरीतले एकूण एक बाहेर काढा, म्हणाले, लक्ष्मीचे जे जे आहे ते चौरंगावर पाहिजे. वामनरावांनी टोपीखालची किल्ली काढून दिली, शालिग्रामबाबूंकडची मागितली आणि रोख्यांच्या गठ्ठ्याबरोबर ती चोपडीही आणून ठेवली. शालिग्रामबाबू म्हणाले, ही पूजेची नव्हे, हिच्यावर लिहिलेय की दोघांच्या समक्षच उघडायची. पाटलांनी ऐकून घेतले. मग मिटलेल्या वहीची पूजा होत नसते म्हणून त्यांनीच ती बरोबर मधोमध उघडली, बोट ओल्या कुंकवात बुडवले आणि चांगले ठसठशीत स्वस्तिक काढले.

"शालिग्रामबाबू," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "आता लक्ष्मीपासून बी लपवता काय?"

सगळे हसले. वामनराव सर्वांत जास्त हसले. नंतर दोन-अडीच तास बाजारपेठेतले लोक येत होते, चौरंगापुढे वाकत होते, शिपाई हबीबच्या हातून लाह्या-बतासे घेत होते. व्यापारी, दलाल, मापाडी, परगावचे पाहुणे. चोपडी समईच्या उजेडात उघडी पडली होती. शालिग्रामबाबू कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. उठून चार पावले जायचे आणि चोपडी मिटायची, एवढेच काम होते. पण ते उठले नाहीत. हसतात ना, पडू दे मग उघडी, असे त्यांच्या मनात आले आणि बतासा न खाताच ते घरी गेले.

पंधरा ते वीस हजारांच्या ओळीपुढे छापलेला आकडा होता दोनशे तेरा. स्वस्तिकाची एक रेघ शेवटच्या इंग्रजी तीनवरून गेली होती आणि त्या तीनची डावी बाजू कुंकवाने पुरती भरली होती. उरलेली उजवी बाजू तीनची म्हटली तर तीनची, आठची म्हटली तर आठची. एवढ्या मोठ्या रकमेची तार मोताळ्याला सहसा येत नसे. पूजेनंतर ही पहिलीच, अठरा हजारांची. पैसे कोणाला द्यायचे, तर अर्जुनराव नावाच्या कापूस खरेदीदाराला.

"दोनशे अठरा आहे तो," वामनराव बोट टेकवून म्हणाले. "अठरा धरा, सहाशे बावन्न होतात. जुळलं."

शालिग्रामबाबूंना ती दोन्ही पाने पाठ होती. तिथे तीन होता. झोपेतून उठवून विचारले असते तरी त्यांनी तीनच सांगितला असता. आणि अकोल्याच्या प्रतीवर कुणी कुंकू काढलेले नव्हते. तिथून आलेली तार तीन धरूनच आली असती. आठ धरून बेरीज करणारा माणूस जगात एकाच जागी तयार होऊ शकत होता, या चौरंगापुढे. हे त्यांना चहाचा घोट घ्यावा इतक्या सहज उमगले. त्यांना भीती वाटली नाही. खरे सांगायचे तर बरे वाटले.

"तीन हाये तो," ते म्हणाले. "अकोल्याले उलटी तार करू. उद्या दुपारलोक जबाब येते."

"कुंकवाखालचं दिसते तुमाले?" पाटील म्हणाले.

पाटलांना उद्या दुपार परवडणारी नव्हती. बाहेर रस्त्यावर कापसाच्या सात गाड्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या पाच पाटलांच्याच होत्या. अर्जुनरावाने बाजारापेक्षा क्विंटलमागे दहा रुपये जास्त बोलून ठेवले होते. असा भाव कोणी का देईल, हा प्रश्न पाटलांना पडला नव्हता, कारण आपला कापूसच तसा आहे याबद्दल त्यांची खात्री होती. रोख पैसे आज मिळाले नाहीत तर मी डोणगावला जाईन, तिथेही कापूस आहे, असे खरेदीदाराने गोडीत सांगितले होते.

वामनरावांनी आवाज खाली आणला. चोपडीवर कुंकू कसे आले हे अकोल्याला लेखी कळवावे लागेल, त्यात पाटलांचे नाव येईल, आपलेही येईल, शिवाय किल्ली देणारे म्हणून तुमचेही येईल, असे त्यांनी समजावले. मग सरळ म्हणाले, "तुमची हरकत असेल तर एक ओळ लिहून द्या. पैसे देऊ नयेत, जबाबदारी माझी. सौदा मोडला तर पाटलांचं नुकसानही तुमच्याच माथी."

एक ओळ. शालिग्रामबाबूंनी कागद मागितला नाही. विचार करतो म्हणून ते बाहेरच्या खोलीत पाणी प्यायला गेले.

माठापाशी हबीब होता. त्याने पेला भरून दिला आणि बाकावर बसलेल्या खरेदीदाराकडे न बघता हळूच बोलला.

"बाबूजी, तो खरेदीवाला पूजेले आलता. बतासे दोन डाव घेतले त्यानं, अन् चौरंगापाशी लय वेळ बसून राह्यला होता. हातात लहानशी डायरी होती."

शालिग्रामबाबूंनी बाकाकडे पाहिले. अर्जुनराव स्वच्छ धोतरात, टोपी मांडीवर ठेवून, बशीतून चहा पीत होता. चेहरा शांत, गावातल्याच कोणाचा तरी जावई शोभेल असा. आता पुरावाही हातात आला. बेरीज, कुंकू आणि डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार. आत जाऊन एवढे सांगितले असते तर वामनरावांची मानसुद्धा वर झाली नसती.

"तुले कोणं विचारलं?" ते हबीबला म्हणाले. "आपलं काम पाह्य."

ते आत आले आणि त्यांनी टाक दौतीत बुडवला. पैसे देण्याच्या हुकमावर वामनरावांच्या सहीखाली त्यांनी आपली सही केली, नेहमीसारखी, वळणदार, खाली दोन टिंबे. बुडू द्या लेकाचे, असे ते मनात म्हणत होते. चार दिवसांनी हेच दोघे पडेल तोंडाने आपल्या टेबलापाशी उभे असतील, तेव्हा आपण चष्म्याच्या वरून कसे पाहू, हेही त्यांनी ठरवून टाकले. अकरा वर्षे ज्यासाठी किल्ली करगोट्याला वागवली, ते त्या दोन टिंबांत संपले, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानातही आले नाही.

नोटा हबीबने पिशवीत भरून बाहेर नेऊन दिल्या. त्याचे कामच ते होते. अर्जुनरावाने पाटलांना नमस्कार केला, माप सुरू करा म्हणाला, मी मलकापूरहून ट्रक घेऊन येतो. पाटलांनी दिवे लागेपर्यंत कापूस मोजला. मग परत गाड्यांत भरला.

पाचव्या दिवशी अकोल्याचे पत्र आले की अशी कोणतीही तार आम्ही केलेली नाही. शालिग्रामबाबू टेबलाशी ताठ बसून राहिले. कोणी पडेल तोंडाने आले नाही. वामनराव आणि पाटील तासभर दार लावून बसले आणि बाहेर आले तेव्हा दोघांचेही चेहरे नीट होते. त्यांनी हिशेब सोपा केला होता. आकडा जुळला म्हणजे चोपडी कोणी तरी चोरून पाहिली. तिजोरीची खोली कोण झाडतो? हबीब. पैशाची पिशवी कोणी नेऊन दिली? हबीबने. चौरंगाचे नाव कोणी काढले नाही. संध्याकाळच्या आत फौजदार येऊन हबीबला मलकापूरला घेऊन गेले.

जाताना त्याने शालिग्रामबाबूंकडे वळून पाहिले. शालिग्रामबाबू खतावणीत पाहत होते.

त्यानंतरचे दिवस त्यांना फार जड गेले. ते हबीबवर चिडत होते. एवढा काय मुकाट गेला, सांगता येत नव्हते काय, की मी त्या माणसाला पूजेला पाहिले? मग त्यांच्या लक्षात यायचे की सांगितले असेलच, आणि शिपायाचे कोण ऐकतो. त्याने हे पहिल्यांदा ज्याला सांगितले, त्याने तरी कुठे ऐकले होते.

आठव्या दिवशी दुपारी हबीबची बायको बिलकिस दारात आली. आत बोलावले तरी आली नाही. तिने पैसे मागितले नाहीत, वशिला मागितला नाही. मलकापूरला जाऊन आले, पण दोन दिवस भेटू दिले नाही, त्याचे एक बोट सुजले आहे म्हणतात, एवढे सांगितले. मग म्हणाली, "बाबूजी, त्यायले इंग्रजी आकडे वाचता येत नाईत. गाडीचा नंबर बी मले विचारते. हे एवढं तरी तुमी लिहून द्याल काय?"

एक ओळच मागत होती. ती गेल्यावर सत्यभामाबाईंनी विचारले, काऊन हो, लिहून द्याले तुमचं काय जाते? त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून तपासनीस आले. काळा कोट, बारीक अक्षर, बोलणे मोजके. त्यांनी वामनरावांचा जबाब घेतला, पाटलांचा घेतला, आणि शालिग्रामबाबूंना समोर बसवले. वामनराव दाराशी उभे होते. प्रश्न तसे सोपे होते. सही तुमचीच का? माझीच. आकडा जुळला होता का?

हो म्हणायचे. एवढे म्हटले की सुटले. चोपडीत आठ दिसत होता, मॅनेजरने आठ सांगितला, हेडक्लार्कने बेरीज केली. नोकरी राहिली असती, सात वर्षांनी फंड मिळाला असता. आणि हबीब आत राहिला असता.

"नाही," शालिग्रामबाबू म्हणाले. "तुमची प्रत काढा, साहेब. तिच्यात तीन हाये."

तपासनिसांनी लखोटा फोडून आपली प्रत उघडली, ओळीवरून बोट फिरवले आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. मग शालिग्रामबाबूंनी सगळे सांगितले. चौरंग, कुंकू, समईचा उजेड, उघडी चोपडी, डायरीवाला पाहुणा. हबीबने पैसे देण्याआधी आपल्याला काय सांगितले तेही सांगितले. गावातली पन्नास माणसे साक्ष देतील म्हणाले. तपासनीस लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले.

"म्हणजे पैसे दिले त्या वेळी तार खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग सही का केलीत?"

मॅनेजरने दडपण आणले म्हणता आले असते. ते अर्धे खरेही होते. पण आता खोटे बोलायला सुरुवात करायची तर हो म्हणूनच घरी जाता आले असते.

"यायची जिरली पाह्यजे म्हणून," ते म्हणाले.

तपासनिसांनी टाक खाली ठेवला. त्यांनी शालिग्रामबाबूंकडे चष्म्याच्या वरून पाहिले, बराच वेळ. ती नजर शालिग्रामबाबूंच्या चांगल्या ओळखीची होती. आजवर ती त्यांनी दुसऱ्यांवर टाकली होती. दाराशी वामनराव मान हलवत होते, एखाद्या खुळ्याची कीव यावी तसे, आणि या वेळी त्यांचे काही चुकतही नव्हते. शालिग्रामबाबूंनी करगोट्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. घाईत निघताना जेवणाचा डबा कपाटातच राहिला.

हबीब तिसऱ्या दिवशी सुटला. शालिग्रामबाबूंना जानेवारीत बडतर्फीचे पत्र आले, फंडातून रकमेचा वाटा कापून. वामनरावांना समज मिळाली आणि मोठी शाखा मिळाली. पाटलांविरुद्ध संचालकाच्या निवडणुकीत कोणी उभेच राहिले नाही. अर्जुनराव कोण होता, ते कधीच कळले नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी हबीब घरी आला. त्याला बँकेत परत घेतले होते. डाव्या हाताचे एक बोट नीट वळत नव्हते. हातात शालिग्रामबाबूंचा पितळी डबा होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. सत्यभामाबाई आत ये म्हणाल्या, चहा टाकते म्हणाल्या आणि घाईने चुलीकडे गेल्या. तो पायरीवरच उभा राहिला. तो आभार मानेल अशी शालिग्रामबाबूंना आशा होती. त्यात काय, असे म्हणायचे त्यांनी दोन महिन्यांपासून ठरवून ठेवले होते.

"बाबूजी," हबीब म्हणाला, "तुमाले पयलेपासूनच मालूम होतं?"

"हो."

हबीबने थोडा वेळ डब्याच्या कडीशी चाळा केला.

"मले वाटलं, तुमाले मालूम नाई. मी अंदर बसून रोज दुवा मांगून राह्यलो होतो, का बाबूजी हुशार आहेत, ते काढतीन शोधून."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने डबा पायरीवर ठेवला, सवयीने मान लववली आणि तो बाजाराच्या रस्त्याने निघून गेला. शालिग्रामबाबू डब्याशेजारी पायरीवर बसले.

सत्यभामाबाई दोन कप घेऊन बाहेर आल्या. रस्त्यावर कोणी नव्हते. एक कप त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला आणि दुसरा परत आत न्यायला वळल्या.

"राहू दे तो," शालिग्रामबाबू म्हणाले.

त्यांनी हबीबचा कप पायरीवर, तो उभा होता त्या जागी ठेवला, आणि डबा मांडीवर घेऊन ते बसून राहिले.